स्लीव्हमोरला "भुताचं गाव" म्हणू नका : ॲकिल बेटावरच्या गोष्टी आणि आठवणी

पाऊसवेडी
सध्या एक रील फिरतंय, मी आयर्लंडमध्ये मेयोत राहते म्हणून बऱ्याच जणांनी मलाही पाठवलं. धुकं, डोंगराच्या पायथ्याशी छप्पर उडालेल्या दगडी घरांची लांब रांग, मागे रडवेलं व्हायोलिन, आणि वर लिहिलंय की दुष्काळात एका रात्रीत अख्खं गाव मेलं आणि अजून रात्री तिथे आवाज येतात. ते गाव म्हणजे ॲकिल बेटावरचं स्लीव्हमोर. तिथे एका रात्रीत कोणी मेलं नव्हतं, आणि त्या गावाची खरी गोष्ट इतकी मोठी आहे की ती अशी भुताटकीत गुंडाळलेली बघून मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. आयर्लंडमध्ये राहणारे बरेच जण इथे आहेत, तुमच्या आजूबाजूच्या गावांबद्दल ऐकलेलं-वाचलेलं असेल तर तेही लिहा.

आधी जागा कशी आहे ते सांगते. मेयो काउंटीच्या पार पश्चिमेला ॲकिल, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळचं सगळ्यात मोठं बेट, आता पुलाने जोडलेलं आहे, पहिला पूल १८८७ चा. बेटावर स्लीव्हमोर नावाचा ६७१ मीटर उंच डोंगर आणि त्याच्या दक्षिणेच्या उतारावर जवळजवळ दीड किलोमीटरभर ८० ते १०० घरांचे अवशेष. एक जुनी वाट मधून जाते आणि घरं तिच्या कडेने. घर म्हणजे एकच खोली, चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेल्या जाड भिंती, दार बुटकं. वरच्या अंगाला चूल आणि माणसं, खालच्या अंगाला गाय, आणि शेणमूत बाहेर जायला जमिनीत चर. काही घरांत गाय बांधायची दगडी कडी अजून भिंतीत आहे, मी तिच्यात बोट घालून पाहिलंय, आतली बाजू दाव्याने घासून गुळगुळीत झालीये.

आणि घरांच्या वरखाली सगळ्या उतारावर वाफे. बटाट्याचे वाफे. दोन्ही बाजूंची माती फावड्याने उचलून मध्ये टाकायची, खाली समुद्रातलं शेवाळ खत म्हणून, की मध्ये उंच पट्टा आणि बाजूला चर तयार. शेवटचा बटाटा निघून इतकी वर्षं झाली तरी ते पट्टे गवताखाली जसेच्या तसे आहेत, संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की एकेक मोजता येतो.

आता मुद्द्याचं. दुष्काळ झाला हे खरंच आहे. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला, पुढच्या चार-पाच वर्षांत देशात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली, मेयोला तर फारच फटका बसला. पण स्लीव्हमोर रिकामं व्हायला नुसता दुष्काळ कारण नाही. खंड, जमीनदार, घराबाहेर काढणं, बेटावरच्या प्रोटेस्टंट मिशनशी भांडणं हे सगळं होतं, आणि बरेच लोक खाली समुद्राकाठी डूआला येऊन राहिले कारण तिथे मासे आणि शेवाळ हाताशी होतं. आणि त्यानंतर काय झालं तर तेच लोक दर उन्हाळ्यात गुरं घेऊन परत त्याच जुन्या घरांत जायला लागले! याला बूली म्हणतात. खाली पिकं उभी असली की गुरं वर न्यायची म्हणजे ती पिकात शिरत नाहीत आणि डोंगरावरचं ताजं गवत मिळतं. हे १९४० च्या आसपासपर्यंत चालू होतं, आयर्लंडमध्ये इतक्या उशिरापर्यंत बूली टिकल्याची उदाहरणं फार कमी आहेत.

आमच्या शेजारच्या आजी मूळच्या डूआच्या. त्यांची आई मुलगी असताना वर जायची. बूलीवर मुख्यतः पोरीच असायच्या, धार काढायची, लोणी काढायचं, आणि संध्याकाळी गाणी. आजी त्याबद्दल बोलतात ते सुट्टीतल्या मामाच्या गावाबद्दल आपण बोलतो तसं. त्यांच्या घरात स्लीव्हमोर हा शब्द निघाला की पुढे लोण्याची नाहीतर एखाद्या द्वाड गायीची गोष्ट निघते. भूत निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

रानवाटा
मस्त धागा! ते रील मी पण पाहिलंय आणि खरं सांगायचं तर पटलं होतं. एक विचारायचं होतं, तिकडे टाउनलँड टाउनलँड म्हणतात ते नक्की काय असतं, नावात टाउन आहे पण फोटोत तर नुसती शेतं दिसतात. वाडी म्हणायचं का?

पाऊसवेडी
वाडी नाही म्हणता येणार कारण वाडीला घरं लागतात. टाउनलँड म्हणजे जमिनीचा हद्द ठरलेला तुकडा, घर असो नसो. संपूर्ण आयर्लंड बेटावर, म्हणजे उत्तर आयर्लंड धरून, ६१,००० च्या आसपास आहेत. काही एवढेसे, काही अख्खा डोंगर पोटात घेणारे. ओढा, बांध, दलदल अशा हद्दी, आणि त्यातल्या पुष्कळशा इंग्रज यायच्या आधीपासूनच्या.

खेड्यात राहायला आल्यावर मला हे सगळ्यात आधी कळलं ते पत्त्यामुळे. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, पत्ता म्हणजे आपलं नाव, टाउनलँड, जवळचं गाव, काउंटी, झालं. एका टाउनलँडमध्ये एकाच आडनावाची चार घरं असली तरी पोस्टमनला कोण कुठला ते पाठ. २०१५ ला प्रत्येक घराला आयरकोड, म्हणजे घराचा स्वतःचा पिनकोड, मिळाला तेव्हापासून कुरियरवाल्यांची सोय झाली, पण शेजारी अजून "तू कुठल्या टाउनलँडात घेतलंस घर?" असंच विचारतात, आणि नाव सांगितलं की लगेच तिथे आधी कोण राहायचं ते सुरू होतं.

कुडाळकर
वाचून गलबलून आलं. ॲकिलबद्दल एवढंच माहीत होतं की तिथली माणसं दरवर्षी स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची आणि त्या पैशावर घरं चालायची. आमच्या गावात घरटी एक माणूस मुंबईला, मनीऑर्डर आली की दुकानदाराची उधारी फिटणार, चाकरमानी गणपतीला येणार आणि परत जाणार, म्हातारी माणसं मागे. ॲकिल म्हणजे मला तेच वाटलं, फक्त गाडीऐवजी बोट.

जाता जाता, लिओ वराडकरांचे वडील आमच्याच जिल्ह्यातले, मालवण तालुक्यातलं वराड. लिओ आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या डिसेंबरात गावी येऊन गेले तेव्हा सगळा गाव लोटला होता.

आबा_नकाशेवाले
टाउनलँडचा विषय निघाला म्हणून राहवत नाही, नोकरीची सगळी वर्षं मोजणीत गेली. आयर्लंडचा सर्व्हे १८२४ ला सुरू झाला तोच मुळी टाउनलँडच्या हद्दी आणि क्षेत्रफळ पक्कं करायला, म्हणजे स्थानिक कर नीट बसवता येईल. एका मैलाला सहा इंच एवढ्या मोठ्या स्केलवर अख्खा देश काढला, त्यात एकेक घर दिसतं. कर्नल कोल्बी प्रमुख होते. त्यांनी पाया-रेषा, म्हणजे बाकीची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेषा, मोजायला पितळ आणि लोखंडाच्या जोडपट्ट्या बनवल्या, थंडीउन्हात दोन्ही धातू वेगवेगळे वाढतात आणि त्या फरकाचाच उपयोग करून दोन खुणांमधलं अंतर कायम दहा फूट राहतं. १८२७-२८ ला उत्तरेला लॉख फॉइलजवळ त्या वापरल्या. आपल्याकडचे जॉर्ज एव्हरेस्ट तेव्हा रजेवर मायदेशी होते, ते आयर्लंडला जाऊन हे काम बघून आले आणि तशाच पट्ट्या हिंदुस्थानात आणल्या, कलकत्त्याची पाया-रेषा त्यांनीच मोजली. म्हणजे आपल्या नकाशांचा आणि त्या पावसाळी शेतांचा जुना संबंध आहे.

आणखी एक. नुसत्या रेषा काढून भागत नव्हतं, नावं कशी लिहायची हा प्रश्न होता कारण लोक आयरिश बोलणारे आणि साहेब इंग्रजी लिहिणारे. त्यासाठी जॉन ओ'डोनोव्हन नावाचा विद्वान माणूस १८३० पासून काउंटी काउंटी पायी फिरला, म्हाताऱ्या माणसांना गाठून नाव नीट कसं म्हणतात ते ऐकून लिहून घेतलं आणि सोबत तिथल्या विहिरी, पडकी चर्चं, संतांच्या गोष्टी हेही पत्रांतून कळवलं. सरकारी कामात असा माणूस मिळणं हे त्या देशाचं भाग्यच.

पाऊसवेडी
आबा, हे एव्हरेस्टचं अजिबात माहीत नव्हतं! त्या पहिल्या नकाशावर स्लीव्हमोर भरलेलं गाव आहे, घरांचे काळे ठिपके दाटीने. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ठिपके विरळ होत जातात आणि डूआचे वाढत जातात. हे जुने नकाशे ऑनलाइन आहेत, एकावर एक ठेवून बघता येतात.

मुक्ता_म
पाऊसवेडी, ॲकिलच्या रेल्वेच्या भाकिताबद्दल लिही ना, ग्रीनवेवर सायकल चालवताना भाड्याच्या सायकलवाल्याने अर्धवट सांगितलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे.

पाऊसवेडी
लिहिते. जरा लांब होईल.

सतराव्या शतकात मेयोच्याच एरिस भागात ब्रायन रुआ नावाचा माणूस होऊन गेला, भविष्य सांगायचा असं लोक मानतात. त्याच्या नावावर एक भाकीत आहे की लोखंडी चाकांवरच्या, धूर आणि आग ओकणाऱ्या गाड्या ॲकिलला येतील आणि पहिली गाडी मृतदेह आणेल, शेवटचीही मृतदेहच आणेल.

१८९४ चा जून. वेस्टपोर्टपासून ॲकिलपर्यंत लाइन टाकायचं काम संपत आलं होतं, पण रीतसर उद्घाटन व्हायचं होतं. कुडाळकरांनी लिहिलंय तशी बेटावरची तरुण मुलंमुली हंगामासाठी स्कॉटलंडला निघाली. १४ जूनला शिडाच्या बोटींतून क्लू बे ओलांडून वेस्टपोर्ट बंदराकडे, तिथे ग्लासगोची आगबोट उभी. त्यातल्या बऱ्याच जणांनी एवढी मोठी बोट आधी पाहिलीच नव्हती. एका खच्चून भरलेल्या होडीतले सगळे आगबोट बघायला एका बाजूला धावले आणि होडी उलटली, बंदर अगदी समोर असताना. ३२ जण गेले. त्यांना घरी न्यायला त्या नव्या लाइनवरून खास गाडी सोडली. ॲकिलला आलेली ती पहिली गाडी.

मग १९३७. तोपर्यंत ती लाइन तोट्यात, बंद करायचं ठरलेलं. १६ सप्टेंबरच्या पहाटे स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ कर्किन्टिलॉक इथे मजुरांच्या झोपायच्या जागेला आग लागली. मुली वेगळ्या भागात झोपल्या होत्या, त्या वाचल्या. आतली दहा मुलं गेली, सगळी ॲकिलची, सगळ्यात लहान १३ वर्षांचा आणि सगळ्यात मोठा २३ चा, त्यात सख्खे भाऊसुद्धा. शवपेट्या बोटीने डब्लिनला आणि तिथून ट्रेनने ॲकिलला आल्या. दोन आठवड्यांत लाइन कायमची बंद झाली.

दोन्ही वेळची माणसं किल्डॅवनेटच्या दफनभूमीत आहेत, समुद्राला लागून, सोळाव्या शतकातल्या समुद्री सरदारीण ग्रेस ओ'मॅलीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरुजापासून जवळच. जुन्या लाइनवर आता सायकलचा ग्रीनवे झालाय, साधारण ४२ किलोमीटर, मुक्ता तू चालवलीस तोच.

तर्कशुद्ध
माहिती उत्तम. पण भाकीत मागाहून जुळवलेलं असणार हे उघड आहे. १९३७ ची गाडी काही अगदी शेवटची नव्हती, तुम्हीच लिहिलंय की त्यानंतर दोन आठवडे लाइन चालू होती. अशा गोष्टींना आपण किती महत्त्व द्यायचं?

पाऊसवेडी
तारखांच्या हिशेबात तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मी त्या गोष्टीला महत्त्व देते ते वेगळ्या कारणाने. १८९४ आणि १९३७ मध्ये ४३ वर्षं आहेत. पहिल्यात भावंडं गमावलेले दुसऱ्या वेळी स्वतः आजी-आजोबा झालेले. बाहेरच्या जगासाठी हे दोन वेगळे अपघात, एक पाण्याचा, एक आगीचा. बेटावरच्या लोकांसाठी ती एकच गोष्ट आहे, बटाटे काढायला गेलेली मुलं पेटीतून परत आली, आणि भाकिताने त्या दोन्ही गाड्या एकत्र बांधून ठेवल्यात. त्यामुळे आज शाळेतल्या मुलालाही दोन्ही सांगता येतात. चौकशी अहवाल कोणी पाठ केला नसता.

आणि आजी ही गोष्ट सांगतात तेव्हा ब्रायन रुआवर पाच मिनिटं पण घालवत नाहीत हो. मुलांना घालून द्यायला कोणाचे बूट उसने आणले, कोणाच्या घरी पहिल्यांदाच स्कॉटलंडला पोरगा पाठवला होता, खंड थकला होता म्हणून पाठवला, हेच बोलत राहतात.

स्मिता_गॉलवे
नर्स आहे, गॉलवेत. इथे कोणी किलीनबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते, विषय जड आहे पण गावच्या आठवणींत तो येतोच.

बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेलेल्या बाळांना पूर्वी चर्चच्या पवित्र जमिनीत पुरायला परवानगी नव्हती, त्यांचा आत्मा स्वर्गात जात नाही असं धरलं जायचं. मग बाप किंवा काका संध्याकाळी उशिरा, नाहीतर पहाटे, छोटी पेटी काखेत घेऊन निघायचा आणि हद्दीवरची, कोणाच्या मालकीची नसलेली जागा शोधायचा. पडकं जुनं चर्च, समुद्राची कड, दोन टाउनलँडच्या मधला बांध. अशा जागांना किलीन म्हणतात. पश्चिमेला शेकड्यांनी आहेत, ॲकिलवरही बऱ्याच. नाव नाही, तारीख नाही, नुसते लहान दगड उभे केलेले आणि कित्येक ठिकाणी वर पांढऱ्या गारगोट्या ठेवलेल्या. १९६० च्या दशकापर्यंत हे चालू होतं. आई बहुतेक वेळा अंथरुणावरच असायची, तिला जागा दाखवलीही जायची नाही.

माझ्या वॉर्डात एक ऐंशीच्या पुढच्या बाई होत्या, त्यांनी एका रात्री मला सांगितलं की त्यांना नक्की जागा माहीत नाही पण टाउनलँड माहीत आहे. इतकंच. आता बऱ्याच गावांनी या जागा शोधून कुंपण घातलंय, दगड लावलाय, प्रार्थना होते. स्लीव्हमोरला जाणाऱ्यांनी दफनभूमीच्या आसपास चालताना पायाखाली बघा, एवढंच सांगायचं होतं.

रानवाटा
स्मिताताई, काय लिहू, दोनदा वाचलं.

मध्या_डब्लिन
विषय थोडा हलका करतो. आमच्या ऑफिसात क्लेअर काउंटीचा एक जण आहे, चांगला शिकलेला, कोडिंग करतो, पण त्यांच्या शेतात मधोमध हॉथॉर्नचं एकटं झाड आहे त्याला त्याचे वडील ट्रॅक्टर लावू देत नाहीत. परींचं झाड म्हणे. १९९९ मध्ये क्लेअरमध्येच लाटून नावाच्या ठिकाणी नवा रस्ता असल्या एका झाडावरून जाणार होता तर एडी लेनिहन नावाच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने पेपरात लिहून एवढा गाजावाजा केला की झाड वाचवून रस्ता केला. २००२ ला कोणीतरी रात्रीत करवतीने फांद्या छाटल्या तर ते पुन्हा फुटलं! अजून आहे, मोटरवेवरून जाताना दिसतं. ॲकिलला असलं काही आहे का?

पाऊसवेडी
असं नाही कसं :) पण इथल्या परी म्हणजे पंख-कांडीवाल्या नाहीत हे लक्षात घ्या. "ते लोक" किंवा "चांगले लोक" म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. माणसांसारखेच, गुरं राखणारे, भांडणारे, आणि दुखावले तर घर बुडवणारे. रात्री घरातलं पाणी बाहेर फेकायचं असेल तर आधी ओरडून सांगायचं, म्हणजे ते वाटेत असले तर बाजूला होतील. पश्चिमेला लहान मुलग्यांना मुद्दाम झगे घालायचे, कारण "ते" मुलगे पळवतात आणि झग्यामुळे त्यांना मुलगी वाटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे खरे फोटो आहेत, आठ-दहा वर्षांचे मुलगे झग्यात उभे.

लोण्याबद्दल तर विचारूच नका. घुसळण चालू असताना घरात जो येईल त्याने रवी हातात घेऊन दोन हात मारायचेच, न मारता गेला तर लोणी घेऊन गेला असं समजायचं. एक मेच्या सकाळी घरातला विस्तव किंवा दूध कोणाला द्यायचं नाही, दिलं की वर्षभराचं लोणी त्याच्याकडे गेलं. ज्यांचं सगळं पोट एका गायीवर त्यांच्यासाठी लोणी न येणं म्हणजे संकटच, त्यामुळे गाय आजारी पडली की पहिला संशय कोणावर घ्यायचा हे या गोष्टींतून ठरायचं. ही बाजू पण लपवायला नको, शेजारणीवर बालंट यायचं यातून, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर सगळ्यात आधी.

डोंगरावरच्या दोन समजुती मला फार आवडतात. एक म्हणजे भरकटवणारं ढेकूळ. ओळखीच्या शेतात एका ठरावीक ढेकळावर पाय पडला की माणूस स्वतःच्याच कुंपणाच्या आत रात्रभर फिरत राहतो, फाटक सापडत नाही. उपाय सोपा, कोट काढून उलटा घालायचा की वाट दिसते. इथलं धुकं पाहिलेल्या कोणालाही हे लगेच पटेल.

दुसरी म्हणजे भुकेचं गवत. चांगलं जेवून निघालेला माणूस डोंगरावर चालताना एका जागी पाय ठेवतो आणि त्याला अशी भूक लागते की पाय गळतात, काही खाल्लं नाही तर तिथेच मरायचा. म्हणून खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवायचा. हे गवत कुठे उगवतं तर दुष्काळात जिथे माणूस भुकेने पडून मेला तिथे. दुष्काळाची आठवण लोकांनी कशी ठेवली असं कोणी विचारलं तर मी हे सांगते. रीलमध्ये किंकाळ्या आहेत. इथल्या लोकांनी मात्र पुढच्या चालणाऱ्याला सांगून ठेवलंय की बाबा, खिशात भाकरी ठेव.

मुक्ता_म
हे शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. हे सगळं तू कुठे वाचतेस? आजींकडूनच सगळं का?

पाऊसवेडी
आजींकडून थोडं, बाकी शाळेच्या पोरांकडून! खरंच. हा भाग मला नीट लिहायचाच होता.

१९३५ मध्ये सरकारने आयरिश फोकलोर कमिशन स्थापन केलं, सेमस ओ ड्यूलार्गा संचालक. तेव्हा जुनी आयरिश बोलणारी पिढी झपाट्याने जात होती आणि कमिशनकडे गावोगाव फिरणारी माणसं मोजकीच. मग १९३७ मध्ये त्यांनी शिक्षकांना सोबत घेतलं. पाचवी-सहावीच्या, म्हणजे ११ ते १४ वर्षांच्या मुलांना सांगितलं की शाळेतल्या नेहमीच्या निबंधाऐवजी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. विषय कसले तर आमच्या टाउनलँडची नावं, जुनी पडकी घरं, पवित्र विहिरी, लोणी काढणं, घरगुती औषधं, हवामानाच्या खुणा, स्थानिक दुर्घटना, पुरलेलं धन, लोहार, फेरीवाले. १९३९ च्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० मुलं, साडेसात लाखांच्या आसपास पानं. उत्तरेच्या सहा काउंट्या मात्र यात नाहीत.

आणि वर्ष बघा, १९३७ चं शरद. कर्किन्टिलॉकच्या शवपेट्या आल्या त्याच हंगामात देशभरातली मुलं "आमच्या भागातली दुर्घटना" हा विषय घेऊन घरोघर विचारत होती. आगीत गेलेल्या सगळ्यात लहान मुलाचं वय या लिहिणाऱ्यांएवढंच. तो वहीऐवजी बटाट्याच्या शेतावर होता.

हे सगळं आता दूखस डॉट आयई वर फुकट आहे, मूळ वह्यांचे स्कॅन, मुलांच्या अक्षरात. वरच्या बाजूला मुलाचं नाव, टाउनलँड, आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव-वय. शाई सांडलेली, मास्तरांची लाल खूण. लोकांनी बसून बसून ते टाइप पण केलंय म्हणून शोधता येतं. २०१७ मध्ये युनेस्कोनेही या सगळ्या लोकसाहित्य संग्रहाची दखल घेतली, जगाच्या स्मृतींच्या यादीत.

मध्या_डब्लिन
भारी! आमचं भाड्याचं घर मीथच्या एका टाउनलँडमध्ये आहे, त्याचं कसं शोधायचं?

पाऊसवेडी
आयरकोडवरून टाउनलँड काढ, मग सिव्हिल पॅरिश, म्हणजे टाउनलँडांचा जुना सरकारी गट, बघ. दूखसवर काउंटीतून शाळा निवड, जवळच्या दोन-तीन शाळा बघ कारण मुलं टाउनलँडच्या हद्दी मोजून शाळेत जात नव्हती. मग १९०१ आणि १९११ ची जनगणना नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर टाउनलँडवार आहे. त्यातला घरांचा फॉर्म उघड आवर्जून, भिंती कशाच्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, खोल्या किती, समोर खिडक्या किती हे घरागणिक लिहिलंय. त्याआधीचं फारसं मिळणार नाही, १८२१ ते १८५१ ची बहुतेक कागदपत्रं १९२२ मध्ये डब्लिनच्या रेकॉर्ड ऑफिसच्या आगीत गेली. मग ग्रिफिथचं मूल्यांकन बघायचं, म्हणजे करासाठी केलेली जमीन-घरांची यादी, १८४७ ते १८६४, त्यात कुळांची नावं आहेत.

आबा_नकाशेवाले
मिशनचा उल्लेख वर ओझरता आला. रेव्हरंड नँगल ना?

पाऊसवेडी
हो, एडवर्ड नँगल. १८३१ ला पहिल्यांदा आला, १८३४ पासून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला डूगर्टला वसाहत. शाळा, दवाखाना, छापखाना, सगळं केलं, पण कॅथलिकांना प्रोटेस्टंट करणं हा हेतू उघड, आणि दुष्काळात अन्न आणि धर्म यांची सांगड घातल्याचा आरोप कायमचा चिकटला. पुढे बेटाचा मोठा भाग मिशनच्याच मालकीचा झाला. आजही यावर इथे लोक जपून बोलतात, काहींचे पूर्वज मिशनच्या शाळेत शिकलेले आणि काहींचे तिच्याविरुद्ध लढलेले. मी बाहेरून आलेली आहे, या भांडणात निकाल देणं माझं काम नाही असं मला वाटतं.

कुडाळकर
डूआच्या वाळूबद्दल पण लिहा, आमच्या पेपरात छोटी बातमी आली होती.

पाऊसवेडी
हो की! १९८४ च्या वादळांत डूआची पुळण वाहून गेली, नुसते खडक उरले, हॉटेलं-गेस्टहाउसं बसली. आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये आठ-दहा दिवसांत वारा आणि भरतीने हजारो टन वाळू परत आणून टाकली, तीनेकशे मीटरची पुळण जशीच्या तशी. जगभरचे कॅमेरे आले. नंतर समुद्राने बरीचशी परत नेली, येते-जाते आता. आजींना त्याचं काहीच नवल वाटलं नाही, त्यांच्या वडिलांच्या वेळेलाही गेली होती आणि आली होती म्हणे.

तर्कशुद्ध
मघाशी किती महत्त्व द्यायचं असं विचारलं होतं मी. धागा पूर्ण वाचला. त्या भुकेच्या गवताला द्यायचं, नक्की.

मध्या_डब्लिन
येत्या बँक हॉलिडेला निघतोय. ट्रेन वेस्टपोर्टपर्यंत आणि पुढे बस एवढं कळलं. सोबत आईबाबा आहेत, चालवेल का त्यांना?

पाऊसवेडी
कीलला उतरा, तिथून स्लीव्हमोरच्या दफनभूमीपर्यंत टॅक्सी करा, तिथेच गाव सुरू होतं. वाट सपाट आहे पण ओली, बूट चांगले हवेत. भिंतींवर चढू नका, मोकळे दगड आहेत, एक निसटला की भिंत येते खाली. मेंढ्या असतील, त्यांच्यामागे मुलांना सोडू नका. जमलं तर संध्याकाळी जा म्हणजे वाफे दिसतील. २३ जूनच्या आसपास येणार असाल तर मुक्काम करा, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री मेयोत अजून ठिकठिकाणी होळ्या पेटतात. आणि काकूंना सांगा, डूआला कोणी चहाला बोलावलं तर नाही म्हणू नका, फोटो इथे टाका, आणि काय ऐकलंत ते सविस्तर लिहा.